रोपाचे आभार मानायचे नसतात

आमच्या लिपोव्यात कुणी रोप दिलं तर त्याचे आभार मानत नाहीत. मानले की रोप लागत नाही, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. वाटीभर मीठ मागितलं तर आभार, बसमध्ये जागा दिली तर आभार, एवढंच काय, न्हाव्याने कान शाबूत ठेवून केस कापले तरी आभार. पण टोमॅटोचं रोप हातात पडलं की तोंड मिटायचं, किंवा दुसरंच काहीतरी बोलायचं. 'हवा बरी आहे.' 'जिना निसरडा झालाय.' 'तुमच्या मांजरीला पिल्लं झाली म्हणे.' मागे शहरातून एक दातांचा डॉक्टर राहायला आला होता. त्याने कोबीच्या रोपांबद्दल भर रस्त्यात आभार मानले, वर हात हातात घेऊन हलवला. त्याच्या कोबीला अळी लागली. अळी त्या वर्षी सगळ्यांच्याच कोबीला लागली होती. पण आमची अळी ही नुसती अळी होती. डॉक्टरची अळी म्हणजे शिक्षा.

या रीतीचा फायदा आम्हा सगळ्यांना झाला आणि तोटा एकाच बाईला. तिचं नाव तेओफिला सोवा. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून माझी फिला मावशी.

रेल्वेच्या जुन्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर आणि ती सगळ्यांत वर. नोकरीत असताना ती फाटकावर होती. गाडी आली की फाटक पाडायचं, गेली की उचलायचं. पुढे फाटक आपोआप पडायला लागलं आणि मावशी आपोआप घरी बसली. नवरा एमिल एका उन्हाळ्यापुरता जर्मनीत घरं रंगवायला गेला होता. तिथल्या एका विधवेचं घर त्याने इतकं मन लावून रंगवलं की तो तिथेच राहिला. त्याचं शेवटचं कार्ड आलं त्यावर पुलाचं चित्र होतं. मावशीने ते चित्र खाली घालून पाठीवर टोमॅटोचं बी वाळत घातलं. "एमिलच्या हातून आयुष्यात एवढंच कामाचं झालं," असं ती म्हणायची. मूलबाळ नव्हतं.

बियाण्याबद्दल आमच्याकडच्या म्हाताऱ्या फार पोचलेल्या. प्रत्येकीच्या बीला इतिहास असतो. आजीने युद्धात परकराच्या शिवणीत लपवून आणलं, पणजीने पुरातून वाचवलं. आमच्या इमारतीतल्या साबिनाबाईंची तर काकडीसुद्धा तीन सरहद्दी ओलांडून आलेली आहे. फिला मावशीला कुणी विचारलं, तुझा टोमॅटो कुठला, तर ती सरळ सांगायची, "हॉस्पिटलातला. माझं पित्ताशय काढलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने पावावरची फोड ताटात टाकली. मी उचलली. पित्ताशय गेलं, टोमॅटो आला. सौद्यात मी फायद्यात."

आणि टोमॅटो तसा होताच. गुलाबी, मुठीत न मावणारा, खांद्याशी थोडा चिरलेला, साल अशी पातळ की सुरी टेकवली तरी सुटावी. पावावर जाड चकती, वर कांदा, मीठ, मिरपूड. उन्हाळ्यात लिपोव्यात दुसरं कुणी काही जेवत नाही आणि हिवाळ्यात जे जेवतो तेही त्याच टोमॅटोचं, बरणीतून काढलेलं.

फेब्रुवारी संपत आला, रस्त्याकडेचा बर्फ काळा पडला की मावशी खिडकीचे पडदे उतरवायची. ती आमच्याकडची वसंताची पहिली खूण. सारस नंतर यायचे. पडदे काढायचे कारण उजेडाचा एक किरणसुद्धा कापडाने खाल्लेला तिला चालत नसे. बी आधी हीटरवरच्या कपाटावर, ओल्या मातीत, वर प्लॅस्टिक. कोंब दिसले की सगळी वरात खिडकीत. दोन पानं फुटली की आइस्क्रीमच्या काडीने एकेक रोप उचलून दह्याच्या रिकाम्या डब्यात. ते डबे अख्खी इमारत तिच्यासाठी वर्षभर धुऊन ठेवत असे. आमचा हातभार तो एवढाच. मार्चच्या मध्यापर्यंत खिडकीच्या फळ्या भरायच्या, एप्रिलमध्ये टीव्हीवर, इस्त्रीच्या टेबलावर, खुर्च्यांवर डबेच डबे. बसायला जागा नसायची. रोज सकाळी ती प्रत्येक डबा थोडा थोडा वळवायची, म्हणजे रोपाने एकाच बाजूला मान टाकू नये. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई हिरव्या पोरांची शाळा घेतेय.

"मावशी, तुझ्या घरात सगळं दिसतं रस्त्यावरून," मी एकदा म्हटलं.

"बघू दे की. फेब्रुवारी ते मे माझ्या घरात लपवण्यासारखं काही नसतं," ती म्हणाली. "जून ते जानेवारीही नसतं म्हणा. पण तेव्हा पडदा असतो, त्यामुळे लोकांना आशा राहते."

मेच्या मध्याला थंड झोशका येते. झोशका म्हणजे संत सोफिया. तिच्या दिवसापर्यंत पहाटेचं दव गोठू शकतं, म्हणून त्याआधी शहाणा माणूस टोमॅटो बाहेर लावत नाही. झोशका उलटली की दुसऱ्या दिवशी मावशीच्या जिन्यावर रांग लागायची. लोक खोके घेऊन वर जायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि रोपं घेऊन खाली यायचे. पैसे ती घेत नसे. आभार तर कुणी मानतच नसे. इतकी वर्षं गेली आणि त्या बाईच्या कानावर रोपांबद्दल एक गोड शब्द पडला नाही. मोठ्या श्रद्धेने, झाडांच्या भल्यासाठी, कुणी तो पडू दिला नाही.

आता बागांचं सांगतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं.

इमारतीत राहणाऱ्यांना रुळांपलीकडे बागेचा एकेक तुकडा मिळतो. जमीन बागांच्या मंडळाची; पण जो राबतो त्याच्याकडे ती जन्मभर राहते. फिला मावशीचा तुकडा बागांच्या फाटकाजवळचा, जुन्या इंजिनशेडच्या विटांच्या भिंतीला लागून. भिंत दिवसभर ऊन पिते आणि अंधार पडला की परत देते. माती तिने स्वतः केलेली. घोड्याची लीद, कुजलेली पानं, अंड्यांची टरफलं, आणि एमिल गेल्यावर त्याचे लोकरीचे मोजेसुद्धा. काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर केकसारखी. आम्ही तिला गमतीने म्हणायचो, मावशी, ही माती पावाला लावून खाता येईल.

मंडळाचे अध्यक्ष कोन्स्तान्ती रिबा. पूर्वी स्टेशनात तिकीट खिडकीवर होते आणि अजूनही माणसाकडे खिडकीतून बघितल्यासारखे बघतात. त्यांनी एप्रिलमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वार्षिक सभा बोलावली. सदस्य खुर्च्यांवर, माझ्यासारखे बिनबागेचे आपापल्या आयांना सोडायला आलेले, ते दाराशी उभे.

"मंडळी," रिबासाहेब म्हणाले, "काळ बदलला. लोकांकडे गाड्या आल्या. गाड्या आल्या तर त्या उभ्या करायला जागा हवी. फाटक रुंद करायचं आणि फाटकाजवळचा एक तुकडा मोकळा करायचा, एवढाच विषय आहे. एकच तुकडा."

एकच तुकडा म्हणजे कुणाचा, हे सगळ्यांना कळलं. सगळे आपल्या बुटांकडे बघायला लागले. बूट काही आदल्या वर्षीपेक्षा वेगळे नव्हते.

"सोवाबाईंना आपण वाऱ्यावर सोडत नाही," साहेब पुढे म्हणाले. "ओढ्याकाठचा तुकडा त्यांना देतोय. उलट मोठा आहे."

फिला मावशी उठली. तिने चर्चला जायचं जाकीट घातलं होतं. "रिबासाहेब, ओढ्याकाठी बेडूकसुद्धा स्वेटर घालून बसतात. सगळा गारठा उतरून तिथेच जमतो. टोमॅटो तिथे यायचा नाही."

"मग कोबी लावा."

हॉल हसला. मावशीही थोडं हसली. तिला वाटलं असावं, हसल्यावर माणसं जरा ऐकतात. मग ती म्हणाली, "जागा घ्या. मंडळाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण ऑक्टोबरपर्यंत थांबा. रोपं उगवलीत, घरभर उभी आहेत. टोमॅटो उतरले की मी स्वतः तुम्हाला फाटक उघडून देते. फाटक उघडण्यात माझी हयात गेली."

"मुरूम टाकणारा माणूस मे महिन्यातच मोकळा आहे, बाई."

"मुरमाला हंगाम असतो हे नव्हतं मला माहीत."

"विषय मताला टाकतो," साहेब म्हणाले. "जागा मेमध्ये मोकळी करावी, या बाजूने कोण?"

मावशी उभीच होती. तिने कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही. हातांकडे बघत राहिली. हात वर जात होते, एकामागून एक, नखांत काळी माती असलेले, तिच्याच रोपांची आळी करून जाड झालेले. साबिनाबाईंचा हात तर असा ताठ गेला की जणू पोरगी शाळेत उत्तर द्यायला निघालीय. आमच्याकडे मोटार नाही. सायकल आहे, तिचीही साखळी पडते. तरी आईचा हात उठला. कानापर्यंत आला आणि तिथे थांबला. पुढे कधी विचारलंच तर केस सारखे करत होते म्हणता आलं असतं. पण मोजणाऱ्याने तो मोजला.

मग रिबासाहेबांनी टेबलाखालून एक कुंडी काढली. लाल फुलाचा जिरेनियम, चमकत्या कागदात गुंडाळलेला. "सोवाबाईंनी बागेला जे दिलं त्याबद्दल मंडळाच्या वतीने मी त्यांचे आभार मानतो," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"रोपांचे आभार मानायचे नसतात, साहेब," मावशी म्हणाली.

"मी बागेबद्दल मानतोय, बाई. रोपांबद्दल नाही."

"अच्छा. म्हणजे आता बाग मरणार."

टाळ्या चालू होत्या, त्यामुळे हे पुढच्या रांगेपलीकडे गेलं नाही. मी दाराशी होतो, मला साबिनाबाईंनी नंतर सांगितलं. हसत सांगितलं.

मे उजाडला आणि खोदाईचं मशीन येणार म्हणून बातमी आली. आदल्या शनिवारी मी आईबरोबर बागेत गेलो तर मावशीच्या तुकड्यावर जत्रा भरलेली. माणसं एकचाकी ढकलगाड्या, बादल्या, पोती घेऊन आली होती आणि माती भरून नेत होती. कुणी चोरून नेत नव्हतं हो. भरदिवसा, एकमेकांना मदत करत, 'आधी तुम्ही भरा' म्हणत. "मुरूम पडणारच आहे वर," साबिनाबाई म्हणाल्या, "मग एवढी चांगली माती वाया का घालवायची?" वाया घालवणं आमच्याकडे फार मोठं पाप आहे. शिळा पाव खाली पडला तर आम्ही उचलून त्याचा मुका घेतो.

फिला मावशी भिंतीला टेकून उभी होती. बागेतल्या तिच्या अवजारांच्या झोपडीतलं सामान बाहेर काढलं होतं. फावडं, झारी, टोमॅटोला बांधायच्या काठ्यांची मोळी.  प्रत्येक गाडी भरून निघाली की मावशी तिच्याकडे बघत होती, फाटकातून रेल्वे गेल्यावर बघावं तशी.

"फिला," साबिनाबाई घाम पुसत म्हणाल्या, "तुला ठेवू का एक गाडी? ओढ्याकाठी टाकायला?"

"माझीच मला देतेस? आभारी आहे," मावशी म्हणाली.

साबिनाबाईंना ते लागलं नाही. त्यांनी खरंच एक गाडी बाजूला ठेवली. तीही नंतर कुणीतरी नेली.

आई रिकामी बादली घेऊन उभी होती. बादली कशाला आणलीस, असं मी विचारलं तर म्हणाली, पाणी घालायला. नळ दुसऱ्या टोकाला आहे. घरी येताना बादली जड होती.

झोशका आली आणि गेली. त्या रात्री दव गोठलं नाही. सकाळी सगळ्या गावाला एकच चिंता: फिला रोपं देणार का? कारण घरी बी कुणीच टाकलं नव्हतं. पिढी उलटली, लिपोव्यात टोमॅटो बीपासून कसा करतात हे लोक विसरून गेले होते. टोमॅटो दह्याच्या डब्यात उगवतो आणि डबा फिलाकडे असतो, एवढंच माहीत.

आई म्हणाली, "चल माझ्याबरोबर, इग्नाश. खोका उचलायला." मला कळलं, खोक्याला माझी गरज नव्हती, तिला होती.

जिन्यावर रांग होती. नेहमीपेक्षा शांत. वर दार सताड उघडं आणि आत, तुम्ही बघायला हवं होतं, रोपं अशी उभी की डोळे निवावेत. जाड बुंधे, गर्द पानं, जांभळट देठ, कुठे पहिली कळी. ओढ्याकाठच्या तुकड्याची किल्ली खिळ्याला तशीच टांगलेली होती. मावशी दारात खुर्ची टाकून बसली होती.

"या," ती म्हणाली. "रोपं आहेत. दरवर्षीसारखी सगळ्यांना देणार. पैसे नकोत. फक्त घेताना आभार माना."

रांगेत सगळ्यांत पुढे साबिनाबाई होत्या. त्या आधी हसल्या. मग त्यांना कळलं की हसायचं नाहीये.

"काहीतरीच काय, फिला. रोपांचे कुणी आभार मानतं का?"

"म्हणूनच तर. मी इतकी वर्षं जिन्याची खबरबात ऐकली. निसरडा आहे, सुका आहे, रंग उडालाय. आता मला दुसरं ऐकायचंय."

"अगं पण लागणार नाहीत ती!"

"नाही लागणार कदाचित."

साबिनाबाई हुशार. त्यांनी डोळे वर केले, हात जोडले आणि म्हणाल्या, "देव फेडील तुझं, फिला."

"देव या जिन्यावर राहत नाही," मावशी म्हणाली. "तू राहतेस. तू म्हण."

साबिनाबाई रोपांकडे बघत राहिल्या. मग मावशीकडे. मग परत रोपांकडे. तोंड उघडलं, मिटलं. "मला बाई वर्षभराच्या बरण्या भरायच्या असतात," एवढं बोलून त्या रिकामा खोका छातीशी धरून खाली उतरल्या. त्यांच्या मागचाही उतरला. त्याच्या मागचाही. कुणी म्हणालं गॅसवर दूध आहे. कुणाच्या पायात गोळा आला.

"हात वर करताना कुणाला भीती वाटली नाही," मावशी रांगेला उद्देशून म्हणाली, आवाज न चढवता. "एक शब्द उच्चारताना एवढं?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मावशी, मी म्हणतो. आभारी आहे. मनापासून."

तिने माझ्याकडे बघितलं. जरा मऊ बघितलं, पण जराच. "तुझी बाग कुठाय?"

"नाही."

"मग तुझं काय मरणार? ज्याचं काही मरत नाही त्याचे आभार मला नकोत. बाजूला हो, शिकलेल्या, जिना अडवू नकोस."

मग आईची पाळी आली. आई आणि मावशी एका बाकावर शाळा शिकल्या. माझ्या जन्माच्या वेळी आईला दवाखान्यात मावशीने नेलं, फाटक बंद होतं तर नियम मोडून तिनेच उघडलं. आई उभी राहिली. मला वाटलं म्हणेल. मावशीलाही वाटलं, कारण ती खुर्चीत पुढे सरकली.

"फिला," आई म्हणाली.

"हं."

"फिला, जिन्यातला दिवा गेलाय गं."

मावशी मागे टेकली. "हो," ती म्हणाली. "गेलाय खरा."

आम्ही खाली वळणारच तर रिबासाहेब वर येताना दिसले. बरोबर खोका, डोक्यावर टोपी. बहुधा जिन्यावरचा बोभाटा त्यांना कळला नव्हता, किंवा कळून उपयोग नव्हता. त्यांनी टोपी काढली. "सोवाबाई, रोपं मिळतील का?"

"आभार मानलेत तर."

"अहो, त्यात काय! मनःपूर्वक आभार. शतशः आभार." तिकीट द्यावं तसे त्यांनी ते दिले. सुट्टे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

मावशीने त्यांचा खोका पायाशी ओढून घेतला. मग उठली. "बोली म्हणजे बोली," ती म्हणाली आणि खिडकीतली सगळ्यांत चांगली रोपं, कळ्या आलेली, तिने त्यांच्या खोक्यात एकेक करून ठेवली.

"मेली ती," साबिनाबाई खालच्या मजल्यावरून कुजबुजल्या. "आजच्या आज माना टाकतील बघा."

त्या संध्याकाळी आई टेबलाशी बसून राहिली होती. मी म्हटलं, "एकच शब्द होता, आई."

"शब्द एकच आहे," आई म्हणाली. "पण बरण्या हिवाळाभराच्या आहेत. आणि तिला आज राग आहे. राग उतरला की स्वतःच आणून देईल बघ. फिला आहे ती."

फिलाने आणून दिली नाहीत. ती ओढ्याकाठीही गेली नाही. रोपं खिडकीतच राहिली, तिथेच वाढली. जून आला तरी पडदे लागले नाहीत. दह्याच्या डब्यांत रोपं काचेला भिडली, पिवळी फुलं आली, आणि नंतर गोट्यांएवढे टोमॅटोसुद्धा धरले. लहान चणीचे, घट्ट, न पिकणारे. येता-जाता सगळं गाव मान वर करून बघत होतं. कुणी वर गेलं नाही. पानं खालून पिवळी पडत गेली. तिने पाणी घालणं बंद केलं नव्हतं. डब्यात मातीच तेवढीशी होती.

आम्ही बाजारातून रोपं आणली, लांबच्या गावच्या कुणा व्यापाऱ्याची. लावली. त्यांना मावशीची मातीही घातली; प्रत्येकाच्या वाफ्यात तिच्या बागेचा काळा पट्टा वेगळा दिसत होता. जुलैत पाऊस बसला आणि उठेना. करपा आला. आधी पानांवर तपकिरी डाग, मग देठ काळे, मग फळं उकडल्यासारखी. आठवड्याभरात अख्ख्या बागा जळाल्यासारख्या दिसायला लागल्या. आईने वाफा उपटताना एकदाही मान वर केली नाही.

एकाच ठिकाणी करपा आला नाही. गाड्यांच्या जागेपलीकडे, विटांच्या भिंतीलगत मुरूम न पडलेला एक अरुंद पट्टा उरला होता. तो मंडळाने, म्हणजे रिबासाहेबांनी, शोभेसाठी राखून ठेवला होता. तिथे त्यांनी मावशीची रोपं लावली. वर शेडच्या छपराची पुढे आलेली वळचण, त्यामुळे पानांवर पाऊस नाही. मागे भिंतीची ऊब. खाली तिची मूळची माती. ऑगस्टमध्ये ते टोमॅटो असे लगडले की लोक गाडी उभी करून आधी तिकडे बघायचे, मग कुलूप लावायचे. गुलाबी, खांद्याशी चिरलेले, मुठीत न मावणारे. आभार मानून घेतलेले.

गावाची पंचाईत झाली. म्हणजे आभाराने रोप मरत नाही? मग एवढी वर्षं आपण जिन्यावर काय करत होतो? दोन दिवस कुणाला काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात साबिनाबाईंनी निकाल दिला.

"सरळ आहे," त्या म्हणाल्या. "रिबाने मनापासून मानलेच नव्हते. वरवरचे होते. म्हणून लागली रोपं. मनापासूनचे आभार मारतात, वरवरचे चालतात."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. रीतही राहिली आणि वाटही निघाली. त्या आठवड्यात फिला मावशीचं दार पुन्हा वाजू लागलं. कुणी प्लमचा केक नेला, कुणी लोणच्याची बरणी, आणि सगळ्यांनी जिन्यावर उभं राहून मोकळ्या गळ्याने आभार मानले, गेल्या वर्षांचे आणि येणाऱ्या वसंताचेही आगाऊ. दार उघडलं नाही. आतून एकदा आवाज आला, "ऐकू आलं." बस्स.

दार उघडलं ते फक्त आईला. मी खालच्या पायरीवर होतो. आईच्या हातात केक होता, वर तिने नवा रुमाल झाकला होता.

"म्हणायला आलीस?" मावशीने विचारलं.

"हो, फिला."

"मनापासून, की वरवर?"

आई उभी राहिली. काय उत्तर द्यायची? मनापासून म्हणावं तर मे महिन्यात का नाही म्हटलं, आणि वरवर म्हणावं तर केक कशाला. तिचा हात कानाशी गेला, केसांवरून फिरला.

मावशी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिने केक घेतला. "प्लम चांगले दिसतायत," ती म्हणाली. "जिना जपून उतर. दिवा अजून लावला नाही कुणी." आणि दार लावून घेतलं.

यंदा फेब्रुवारी संपत आला, बर्फ काळा पडला, आणि लिपोव्यातल्या घराघरांत लोकांनी बी पेरलं. दुकानातली रंगीत पाकिटं आणून, पाकिटाच्या पाठीवरचं वाचून. कुणाचं बुडून कुजलं. कुणाचं मांजरीने उकरलं. साबिनाबाईंनी तीन सरहद्दींचा अभिमान गुंडाळून ठेवून पाकिटातलं बी टाकलं, ते हीटरवर भाजलं. आमच्या तळमजल्यावर उजेड कमी. आईची रोपं दोऱ्यासारखी लांब, फिकट झाली आणि सगळी एकाच बाजूला, खिडकीकडे, मान टाकून पडली. डबे रोज वळवायचे असतात हे तिला माहीत होतं. कितीदा, किती, ते माहीत नव्हतं. वर जाऊन विचारता आलं असतं.

काल आई आगपेटीच्या काड्या रोवून प्रत्येक रोपाला दोऱ्याने बांधत होती. एक बांधून झालं की दुसरं पडायचं. मी तिला अंगणात घेऊन गेलो, जरा वारा लागावा म्हणून. तिने वर बघितलं. मार्च उजाडला होता आणि फिला मावशीच्या खिडकीला पडदा होता. घड्या नीट पाडलेला, इस्त्री केलेला. त्यामागे हिरवं काहीही नव्हतं. रिबासाहेबांनी दिलेली जिरेनियमची कुंडी तेवढी बाहेरच्या कठड्यावर होती, रिकामी.

आईचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणेल. इथून, खालून, कुणाला ऐकू न जाता तरी.

"पडदा पांढराशुभ्र धुतलाय फिलाने," ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "हवापण बरी आहे आज."